बिनमोहनाचा मुरुक्कू

बाबा वजनकाट्यावर उभे राहिले आणि काटा गेल्या महिन्यापेक्षा सव्वा किलो खाली थांबला. खुब्याच्या ऑपरेशनसाठी दोन किलो वाढायला हवे होते. सर्जननं तारीख रद्द करून दोन महिन्यांनी यायला सांगितलं, आणि लेकीचा पारा तिथेच, नर्ससमोर चढला.

"मी पहाटे उठून एवढं करते आणि तुम्ही मुद्दाम अंगाला लागू देत नाही!"

अंगाला लावून घेणं कुणाच्या हातात असतं का? पण रागाला एवढी अक्कल कुठली! बाबांनी वॉकर घट्ट धरला आणि "चुकलं गं" म्हणाले.

लेक औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. मोजूनमापून देण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे स्वयंपाकही तसाच. दुकानातल्या दक्षिणेकडच्या मैत्रिणीनं तिला नाचणीचा मुरुक्कू शिकवला होता. आपल्या चकलीचा सख्खा भाऊच तो! नाचणीचं पीठ, त्यात भाजलेल्या उडदाचं आणि डाळ्यांचं पीठ, तीळ, जिरं. प्रथिनं भरपूर. "पीठ भिजवण्याआधी चार चमचे कडकडीत तेल घाल. मोहन विसरू नकोस," असं मैत्रिणीनं दोनदा बजावलं होतं. लेकीनं कागदावरची नेमकी ती ओळ पेनानं खोडली. पौष्टिक करायचं तर तेल कशाला? तळणंही बाद करून तिनं सगळं ओव्हनमध्ये ढकललं.

सकाळचा नाश्ता आणि दुपारचं खाणं मिळून सहा मुरुक्कू ती ग्रॅमवर तोलून बशीत ठेवायची, बाजूला ताकाचा पेला, आणि कामावर जायची. संध्याकाळी बशी रिकामी असायची.

"कसे झाले होते?"

"छान."

दीड महिना हेच चाललं. प्रत्येक मुरुक्कू तिनं तोलला. एकही तोंडात मात्र टाकला नाही.

दवाखान्यातून आल्यावर बाबा आडवे झाले. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं दिसलं म्हणून सेल शोधायला तिनं त्यांच्या टेबलाचा खण उघडला. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. टेबलाला लहानलहान खणच खण. पहिल्यात स्प्रिंगा होत्या. दुसऱ्यात मुरुक्कू. तिसऱ्यात मुरुक्कू. चौथ्यात घड्याळाचे पट्टे बाजूला सारून मुरुक्कू. काहींवर कवळीच्या खुणा होत्या, काही ताकात भिजवून पुन्हा वाळलेले.

तिनं एक चावून पाहिला. तिचे स्वतःचे धडधाकट दात कळवळले.

"कचऱ्याच्या डब्यात टाकले असते तर तुला दिसले असते," मागून बाबा म्हणाले. वॉकर धरून ते दारात उभे होते, चोरी पकडल्यासारखे. "आणि बाहेर टाकायला जिना उतरवत नाही."

"अहो, मग सांगायचं नाही का मला?"

"तू झोपमोड करून करायचीस. कुठल्या तोंडानं सांगू?"

तिच्या काळजात चर्र झालं. दिवसभर उपाशी राहिलेल्या माणसाला तिनं चारचौघांत झापलं होतं, आणि त्यानंच माफी मागितली होती. आता आणखी दोन महिने प्रत्येक पावलाला तो खुबा दुखणार होता. हे दुखणं आपण दिलं, चार चमचे तेल वाचवून दिलं, याची तिला शिसारी आली. स्वतःचीच.

ती स्वयंपाकघरात गेली. पातेलीत तेल धुरावेपर्यंत तापवलं आणि पिठावर ओतलं. पीठ चुरचुरलं. चोळून मूठ वळली तर मूठ टिकली. हेच ते मोहन. पीठ भिजवून साच्यातून वेटोळी पाडली आणि, जाऊ दे आता, कढईत तळली. वजनकाट्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पहिला मुरुक्कू निवताच तिनं आधी स्वतः खाल्ला, मग दुसरा बाबांसमोर धरला.

स्टुलावर बसून बाबांनी तो मोडला. कुर्रकन मोडला. चावला, गिळला.

"छान," ते म्हणाले.

तोच शब्द. रोजचाच. तिला आता त्या शब्दाची भीती वाटली. ती त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली.

"बाबा, खरं सांगा. पाया पडते तुमच्या."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, खणांच्या दिशेनं पाहिलं. मग घसा खाकरला.

"मीठ कमी आहे."

तिनं पदरात तोंड लपवलं आणि हमसून हमसून रडली. बाबा गोंधळून म्हणाले, "अगं, थोडंसंच कमी आहे," आणि त्यांनी हात लांब करून आणखी एक उचलला.