नरहररावांच्या वाफ्यातलं ऊन

आमचं शहर नव्या राज्याची राजधानी झालं आणि समता कॉलोनीतल्या घरांना मजले फुटू लागले. नरहररावांच्या दक्षिणेला शेजारच्या धर्मपालनं तीन चढवले. आता वाफ्यांवर सावली येणार, असं सगळे म्हणाले. नरहरराव रेल्वेतले निवृत्त गार्ड; ऐकीव गोष्टीवर त्यांचा विश्वास नाही. जूनभर त्यांनी रजिस्टर ठेवलं: ऊन आगमन ९.१०, प्रस्थान ३.२०.

"सहा तास! वांगेच लावतो."

"पुढं सावली येईन," त्यांच्या पत्नी इंदूबाई म्हणाल्या. "सावलीत पान येते, फळ नाही. अळू लावा, हळद लावा, पुदिना लावा."

"अन् चंपाषष्ठीले देवाले पुदिन्याचं भरीत दाखवू?"

खरा पेच तिथंच होता. चातुर्मासात वांगं बंद. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य, मगच घरात वांगं. ते वांगं बावीस वर्षं घरच्या वाफ्यातलं. दर वर्षी त्या दिवशी जेवायला येणाऱ्या जुन्या मित्राला, विनायकरावांना, नरहररावांनी हे इतक्यांदा ऐकवलं होतं, की विकतचं आणलं तर देव चालवून घेईल, विनायकराव नाही.

दोन वाफ्यांत वांग्याची रोपं लावली, एक इंदूबाईंना मिळाला. जूनचं वेळापत्रक वर्षभर चालतं, असं गार्डसाहेबांनी धरलं होतं. सूर्य काही रेल्वेत नव्हता. दिवाळीच्या सुमारास तो दक्षिणेला सरकला आणि तीन मजल्यांआड गेला. रजिस्टरात रोज एकच शेरा: 'ऊन रद्द.' झाडं कमरेएवढी, वांगं एक नाही. इंदूबाईंची अळूची पानं मात्र सुपाएवढी. त्यांची जुडी दर दोन दिवसांनी धर्मपालकडे जायची.

"ज्यानं ऊन खाल्लं त्यालेच अळू चारून राहिली?"

"असू द्या."

चंपाषष्ठीला दोन दिवस उरले, तेव्हा नरहरराव रजिस्टर घेऊन धर्मपालच्या गच्चीवर भांडायला चढले. मी समोरच राहतो, मागोमाग गेलो. असलं भांडण चुकवायची मला सवय नाही.

वर लख्ख ऊन. उन्हात रंगाचे जुने डबे, डब्यांत रोपं, रोपांना जांभळी, टपोरी वांगी. आणि इंदूबाई पाणी घालताहेत.

"हे काय?"

"वांगे. जुलैपासून."

धर्मपालची बायको कुसुम हसली. "दीदी का सौदा है, भैया. हमको कोचई का पत्ता, इनको धूप." कोचई म्हणजे आपलं अळू.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुमचं रजिस्टर चालू होतं ना."

नरहरराव डब्यांभोवती एक फेरी मारून आले. "पण हे घरचे कसे म्हणू?"

"रोपं तुमच्याच वाफ्यातले, माती तुमचीच. ऊन तेवढं शेजारचं."

त्यांनी एक वांगं टिचकी मारून पाहिलं आणि धर्मपालकडे न बघता म्हणाले, "एक पिशवी देता का?"

चंपाषष्ठीला विनायकराव वाफ्यापाशी थबकले. "नरहर, एकाही झाडावर तोडल्याची खूण दिसत नाही रे."

"भाऊजी, रोडगे निवून राहिले," इंदूबाई आतून ओरडल्या. भरीत तीनदा वाढून घेतलं, तेव्हा कुठं विनायकरावांची चौकशी थांबली.

महिन्याभरात धर्मपालच्या पलीकडच्या प्लॉटवर विटांचा ट्रक उतरला. सगळ्यांत आधी तिथं पोचले नरहरराव, बगलेत रजिस्टर.

"किती मजले? पाच? काहून? आमच्या धर्मपालचं ऊन अडते ना!"