आई जिन्यात गप्प झाली

आत्याच्या ऑफिसात खुर्च्या मोडक्या होत्या, पंखा कुरकुरत होता, पण जिना असा होता की भल्याभल्यांची पोल खोलायचा. लोकांना डोंगरावर, तळ्यावर, कड्यावर घेऊन जाणं हा आत्याचा धंदा, आणि कोणाला कुठे न्यायचं हे ती त्या जिन्यावर ठरवायची. पाठीवर भरलेली पिशवी घ्यायची आणि तळापासून गच्चीपर्यंत बोलत बोलत चढायचं, एवढीच परीक्षा. काहीही बोला. शेजाऱ्यांच्या कागाळ्या करा, पाढे म्हणा. आत्या खाली उभी राहून ऐकायची. बोलणं कुठे तुटतं, त्यावरून तिला माणसाचा दम कळायचा. मग गच्चीवर दोराची एक गाठ शिकवून लगेच मारायला लावायची, आणि सगळ्यात शेवटी विचारायची, "कशाची भीती वाटते?"

एवढं झालं की मनगटावर पट्टी. हिरवी म्हणजे तळ्याकाठची सपाट वाट. पिवळी म्हणजे रानातली चढण, थेट कड्याच्या पायथ्यापर्यंत. आणि लाल म्हणजे कडा.

आज पट्ट्या भिंगरीच्या हातात होत्या. भिंगरी म्हणजे आत्याची भाची, एका जागी उभी राहत नाही म्हणून हे नाव. वर्षभर सुट्टीच्या दिवशी येऊन ती सगळं शिकली होती, कडा दोनदा चढली होती, आणि कालच आत्या म्हणाली होती, "उद्या तू ठरव. मी मधे पडणार नाही." तेव्हापासून भिंगरी जमिनीपासून वीतभर वरूनच चालत होती.

पहिला आला तो व्यायामशाळेतला पैलवान. पिशवी त्याच्या पाठीवर खेळण्यातली वाटत होती. आपण काय काय उचलतो ते सांगत तो गच्चीपर्यंत गेला आणि एक शब्दही अडखळला नाही. गाठसुद्धा बरी मारली.

"कशाची भीती वाटते, दादा?"

"भीती? आपल्याला कसलीच नाही."

भिंगरीने पिवळी पट्टी काढली.

"अगं, लाल दे की. दम नाही का माझ्यात?"

"दम आहे. पण ज्याला भीतीच वाटत नाही, तो दोर नीट तपासत नाही. आत्याचा नियम आहे."

पैलवानाने खाली वाकून आत्याकडे दाद मागितली. आत्याने खालूनच हात हलवला, म्हणजे पोरीचं ऐका. भिंगरीला गुदगुल्या झाल्या.

दुसरी होती आई.

भिंगरीची आई बसस्थानकातल्या चौकशीच्या खिडकीत बसायची. कुठली गाडी कुठल्या फलाटाला, कुठे बदलायची, पुढे किती वेळ लागतो, सगळं तोंडपाठ. जगाला रस्ते सांगता सांगता तिची वर्षं गेली, आणि स्वतः मात्र ती कधी कुठे गेली नाही. खिडकीसमोर गाड्यांच्या पाठी आणि पलीकडे भिंत. गेल्या महिन्यात मात्र जेवताना ती एकदम म्हणाली होती, "तो तुमचा कडा मला बघायचाय. वरून." एवढंच. पण आईने स्वतःसाठी काही मागितल्याचं भिंगरीला आठवतच नव्हतं, त्यामुळे ते वाक्य तिच्या डोक्यात घर करून बसलं होतं.

"वहिनी, बोलायचं आहे हं चढताना," आत्या म्हणाली.

"मला बोलायला सांगतेस? गप्प बसायला सांगितलं असतंस तर नापास झाले असते."

आई निघाली. कालच्या एका म्हाताऱ्याची गोष्ट तिने लावली, ज्याला आपल्या मुलीचं गावच आठवत नव्हतं. पहिला मजला, दुसरा मजला, आवाज खणखणीत. भिंगरी गच्चीच्या दारात कान देऊन उभी. आणि तिसऱ्या मजल्यावर, म्हातारा गाव आठवायला डोकं खाजवत असताना, आईचा आवाज बंद झाला. पुन्हा आलाच नाही. नुसती पावलं वर आली.

झोपेतही बोलणारी बाई गप्प झाली, म्हणजे दम संपलाच असणार. गाठ आईने झटक्यात मारली. भीतीचं विचारल्यावर म्हणाली, "उंचीची वाटते. आणि परत खाली यावं लागेल त्याची पण." उत्तर किती छान होतं. पण दमाचं काय? कड्याच्या मध्यावर दम तुटला तर? भिंगरीने ओठ चावून हिरवी पट्टी पुढे केली.

"आई, तळ्याकाठीपण खूप छान असतं."

"बरं," आई म्हणाली. नुसतं बरं. ती खाली जाऊन बाकावर पट्टी बांधत बसली.

भिंगरी उतरली तेव्हा आत्या दोर गुंडाळत होती. मान वर न करता तिने विचारलं, "दम तुटला की बोलणं तुटलं?"

"एकच ना ते?"

"मी मधे पडणार नाही म्हटलंय," आत्या म्हणाली आणि दोर गुंडाळत राहिली.

भिंगरी तडातडा जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेली. आई जिथे गप्प झाली, त्या पायरीवर उभी राहिली. तिथे एक उंच, अरुंद खिडकी होती. शंभरदा ती तिच्यासमोरून धावली असेल, दर वेळी बडबडत. आज थांबली.

समोर कडा होता. अख्खा. खालून तो कधी एका नजरेत मावत नाही आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीआड जातो, पण इथे सगळा दिसत होता, पायथ्याच्या झाडांपासून माथ्यापर्यंत, उन्हात तांबूस पेटलेला. त्याच्या छातीवरून ढगाची सावली सावकाश सरकत होती, जणू कोणी झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण ओढत होतं. एक घार त्याच्यापुढे ठिपक्याएवढी दिसत होती. भिंगरीने तोंड उघडलं, पण त्यातून काही निघालंच नाही. श्वास तर अगदी जागेवर होता.

ती खाली आली. "आई, वर खिडकीत कडा दिसला म्हणून गप्प झालीस?"

आईने मान खाली घातली, शाळेत पकडल्यासारखी. "एवढा मोठा आहे गं तो. इतकी वर्षं इथे राहतेय, मला माहीतच नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू इतक्या ऐटीत पट्ट्या वाटत होतीस. पहिल्याच दिवशी आईनेच हुज्जत घालायची का?"

भिंगरीला तिला मिठी मारावीशी वाटली. पण डोंगर मिठी बघत नाही, हेही ती वर्षभरात शिकली होती. "ऊठ. पुन्हा चढायचं. या वेळी खिडकीकडे बघायचं नाही. नियम तो नियम."

"आई कोण आहे आपल्यात?" असं म्हणत आईने पिशवी पाठीवर घेतली. आणि मग जिन्यात जे सुरू झालं ते ऐकून पैलवानही बाहेर आला. पहाटेच्या पहिल्या गाडीपासून आईने अख्खं वेळापत्रक लावलं, थांब्यांसकट, रद्द झालेल्या गाड्यांसकट. तिसरा मजला आला, गेला. गच्ची आली. आई तिथून वळून उतरतानाही बोलतच होती आणि दुपारच्या गाड्यांपर्यंत पोचली होती.

"बास, वहिनी, बास," आत्या म्हणाली. "रात्रीची गाडी राहू दे."

भिंगरीने हिरवी पट्टी सोडली आणि लाल बांधली.

दुसऱ्या दिवशी कड्यावर आत्याच्या ऑफिसातले दोरवाले काका वरून आईचा दोर सांभाळत होते, भिंगरी दुसऱ्या दोरावर तिच्या मागे. पायथ्याशी आत्या, आणि पिवळ्या पट्टीचा पैलवान मान मोडेस्तोवर वर बघत. आई घाबरली, दोनदा खडकाला चिकटून राहिली, स्वतःच्या गुडघ्यांना रागावली, आपल्या दोराची गाठ पुन्हा पुन्हा चाचपत राहिली. पण बोलत राहिली. तिचं बोलणं ऐकत भिंगरी एकेक खाच पकडत होती.

आणि मग माथा आला.

खाली ढग होते. पांढरे, सावकाश वळणारे, आणि त्यांच्यातल्या फटीतून शहर दिसत होतं. रस्ते दोऱ्यासारखे, आणि मधोमध नखाएवढा चौकोन, ज्यात रंगीत ठिपके आत-बाहेर करत होते. आईचं बसस्थानक. तिथून सुटलेले सगळे रस्ते, जे ती वर्षानुवर्षं नुसते तोंडाने सांगत आली होती, एकाच वेळी तिच्यासमोर पसरले होते, डोंगर ओलांडून, नदी ओलांडून, दिसेनासे होईपर्यंत.

आई काठापासून दूर, काकांनी सांगितलं तिथे बसली. एक शब्द बोलली नाही.

भिंगरीच्या खांद्यावरचा वायरलेस खरखरला. आत्या होती. "वहिनींचा आवाज येत नाहीये. दम लागलाय का?"

भिंगरीने आईकडे पाहिलं. तिची छाती सावकाश वर-खाली होत होती, ढगांइतक्याच सावकाश.

"नाही, आत्या," ती हळूच म्हणाली. "बोलणं तुटलंय."

"मग बसा," आत्या म्हणाली. "घाई नाही."