पुलावरची मुकी तार

भिवा ड्रायव्हरला घमेंड एकाच गोष्टीची होती, ती पुलाची. पगाराची नव्हती, रूपाची तर नव्हतीच नव्हती. पण भायखळ्याच्या पुलाचा विषय निघाला की गडी फुलायचा. त्याचा बाप घोड्यांच्या ट्रामवर होता. पुलाच्या चढाला जादा घोडा जोडायचं काम त्याच्याकडे. पुढे वीज आली, घोडे गेले, बाप डेपोत झाडू मारायला लागला आणि पोरगा ड्रायव्हर झाला. पुलावरून आजवर कुठल्या कुठल्या नंबरची ट्राम गेली, कुठली कधी वळवली, कुठली कायमची बंद झाली, हे भिवा समोरचा जांभई देईपर्यंत सांगायचा. शेवट ठरलेला: "नंबर आले नि गेले. पण एकोणीस वर्षांत मुक्या तारेखाली मी एकदाही अडकलो नाही!"

मुकी तार पुलाच्या माथ्यावर होती. ट्रामला वीज वरच्या तारेतून मिळते. माथ्यावर त्या तारेचा दोन-तीन हातांचा तुकडा बिनविजेचा. चढावरून वेगात यायचं, हँडल बंद करायचं आणि आल्या वेगात तेवढा तुकडा पार करायचा. वेग कमी पडला की ट्राम तिथेच बसली. मग दहा जणांनी उतरून ढकलायचं आणि टांगेवाल्यांनी दात काढायचे. ही चूक नवशिक्यांची. नवशिक्यांना शिकवायला डेपोने भिवालाच नेमलं होतं.

छप्पन सालचा जानेवारी होता. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही म्हणे! गिरणगावाने हे कसं ऐकून घ्यावं? गिरण्या बंद, दुकानं बंद, जागोजाग मोर्चे. दुपारी हुकूम आला की रस्त्यावरच्या ट्रामा रिकाम्या करून दादरला परत आणा. भिवाचा कंडक्टर तर केव्हाच घोषणा देत गल्लीत पसार झाला होता. भिवा एकटाच रिकामी ट्राम घेऊन पुलाच्या पायथ्याशी आला, तर रुळांत पोलीस उभे.

पोलिसांच्या दोन्ही गाड्या बसल्या होत्या. पोरांनी रस्ताभर खिळे पेरले होते. फौजदार घामाघूम होऊन शिव्या घालत होता. भिवाची ट्राम दिसली आणि त्याचा चेहरा उजळला. लोखंडी चाकांना खिळ्यांचं काय?

"लालबागला बायकांचा मोर्चा रस्ता अडवून बसलाय," तो भिवाला म्हणाला. "आम्ही आत खाली बसतो. पडदे पाड. रिकामी ट्राम डेपोत चाललीय म्हणून त्या आपणहून वाट देतील. मधोमध नेऊन उभी कर. पुढचं आम्ही बघतो."

पंधरा-वीस शिपाई बंदुका घेऊन आत चढले. त्या मोर्चात भिवाची बायको जाईबाई होती. नायगावच्या चाळीतल्या वीस बायका घेऊन सकाळीच गेली होती. जाताना म्हणाली होती, "तुमची ट्राम आली तर सोडू हो आम्ही. घंटेवरून ओळखते मी तुम्हाला." आणि आता ती घंटा ऐकून बाजूला होईल, दुसऱ्या बायकांनाही हाताला धरून बाजूला करील, नि आतून काय बाहेर पडेल? अरे देवा! नाही म्हणावं, तर बंदुकीच्या धाकाने नेतील. भिवा पळून गेला, तर दुसऱ्या ड्रायव्हरला धरून आणतील.

"याच्याजवळ उभा राहा," फौजदाराने एका शिपायाला सांगितलं. "गडबड केली तर सांग मला."

तो शिपाई कुशाबा निघाला. नायगावच्या पोलीस लाईनीतला, भिवाच्या चाळीसमोरचाच. रोज सकाळी भिवाच्याच ट्रामने कामावर जायचा आणि रोज पुलाचं पुराण ऐकायचा. मुकी तार कुठे सुरू होते हे त्या माणसाला झोपेतही सांगता आलं असतं! दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

भिवाने हँडल फिरवलं. ट्राम चढाला लागली. एरवी इथे तो हँडल शेवटच्या खुणेपर्यंत न्यायचा. आज त्याने मध्येच हात आखडता घेतला. ट्राम कुरकुरत चढू लागली. फार हळू झाली तर चढावरच थांबेल, मागे घसरेल, पुन्हा जोर घेता येईल. जरा जास्त झाली तर पार निघून जाईल, आणि पुढे लालबागपर्यंत नुसता सरळ रस्ता. थांबायचं ते नेमकं त्या दोन हातांत. एकोणीस वर्षं जे टाळलं, ते आज साधायचं होतं.

माथा आला. त्याने हँडल बंद केलं, ब्रेकचं चाक अर्धवट आवळलं. ट्राम दोन पावलं सरकली आणि मुकी झाली.

"काय झालं?" फौजदार धावत पुढे आला.

"चूक झाली साहेब. इथे तारेत वीज नसते. ढकलावी लागेल."

"मग ढकला! उतरा रे!"

शिपाई उतरले, मागे खांदे लावले. "हं, जोर लावा!" भिवाने चाक आणखी आवळलं. दोन्ही हातांनी, सगळ्या अंगाने. ट्राम तसूभर हलेना. कुशाबाची नजर चाकावर आली. मग भिवाच्या पांढऱ्या पडलेल्या बोटांवर. भिवा त्याच्याकडे बघत राहिला. आता हा एक शब्द बोलला की नोकरी गेली, तुरुंग आला, आणि ट्राम लालबागला गेली. कुशाबा पुढे झाला आणि चाकाच्या व फौजदाराच्या मध्ये पाठ करून उभा राहिला.

पुलाच्या कठड्यावरून पोरांनी बंदुका पाहिल्या होत्या. "ट्राममध्ये पोलीस! ट्राममध्ये पोलीस!" आरोळी पुलावरून खाली उतरली आणि लालबागच्या दिशेने पळत गेली.

फौजदाराने ती ऐकली. तो दात-ओठ खात भिवासमोर आला. "मुद्दाम केलंस ना? किती वर्षं झाली तुला ट्राम चालवून?"

फौजदार कुशाबाकडे वळला. "तू नायगावचा ना? ओळखतोस याला?"

"ओळखतो साहेब," कुशाबा म्हणाला. "रोजचाच तमाशा आहे याचा. पूल काही जमत नाही याला. टांगेवालेसुद्धा हसतात."

भिवाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. जीव वाचला होता, हे खरं. पण 'जमत नाही' हा शब्द त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या नावापुढे लागला होता, आणि मान खाली घालून त्याला तो गिळावा लागला. फौजदार थुंकला. शिपाई पायी निघाले. ते लालबागला पोचले तेव्हा रस्त्यावर चार चपला नि एक फाटका झेंडा एवढंच होतं.

संध्याकाळी जाईबाई घरी आली ती तावातच.

"पोलिसांना घेऊन निघालात? आमच्या अंगावर? चाळीत तोंड कुठे दाखवू मी?"

भिवा काय सांगणार? सांगितलेलं चाळीत राहत नाही. आणि बोललं तर एकटा भिवा नाही, कुशाबाही जाणार.

"पोरं ओरडत आली म्हणून गल्लीत शिरलो आम्ही. ट्राम अडकली नसती तर..." ती थबकली. एकोणीस वर्षं जेवताना तीच बढाई ऐकली होती तिने. "अडकली कशी हो?"

"चूक झाली."

तिने पुढे होऊन त्याचे हात उलटे केले. दोन्ही तळव्यांवर ब्रेकच्या चाकाच्या कडेचे वळ होते, एका ठिकाणी कातडं सोललेलं. मग तिचे डोळे भरून आले. तिने खोबरेल आणलं आणि चोळायला बसली.

दारात शेजारची सुंदराबाई आली. बरोबर आणखी दोघी. "काय गं जाई, भिवाची ट्राम म्हणे पुलावर बसली? मुद्दाम बसवली म्हणतात काही जण!"

जाईबाईने भिवाचे हात पदराखाली झाकून धरले.

"कसलं मुद्दाम!" ती सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आमच्या ह्यांना पूल कधी जमलाय? एकोणीस वर्षं नुसत्या बाता!"

बायका खो खो हसल्या. पदराखाली तिने त्याची बोटं घट्ट धरली होती. भिवाही हसला, आणि हसता हसता त्याला रडू आलं.