चौथं तोंड

नेटवर्क कार्डाच्या टोकाची पत्र्याची पट्टी बारा सेंटिमीटर उंच होती आणि संगणकाच्या मागची फट आठ. योगिनीने फूटपट्टी पुन्हा लावली. आकडे तेच आले. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मुलांना व्हर्निअर धरायला शिकवणारी ती, घरच्या कामात उंची मोजायला विसरली होती.

"बसंना का?" रामेश्वरने दारातून विचारलं. त्याच्या पँटचे पाय गुडघ्यापर्यंत ओले होते. तो महापालिकेत वॉलमन. पाइपावरचे वॉल उघडून गल्लोगल्ली पाणी सोडायचं त्याचं काम. "आण इकडं. ग्राइंडरनं दोन बोटं पट्टी उडवतो."

"अहो, नुसती पट्टी नाही. कार्डच उंच आहे. झाकण लागणार नाही."

"लई लांबलं तुझं काम. एवढ्यात तर नळाला पाणी येतं."

ती हसली. हर्सूलचा तलाव त्या उन्हाळ्यात तळाला गेला होता. इकडे पाणी कमी होत होतं आणि रामेश्वरच्या हद्दीतल्या गल्ल्या वाढत होत्या.

त्यांच्या घरात खाली नर्सिंगच्या मुली भाड्याने राहत. इंटरनेट सगळ्यांना मिळून एकच. हिवाळ्यात एकीच्या लॅपटॉपमधून व्हायरस शिरला आणि योगिनीने तयार केलेल्या प्रयोगांच्या साऱ्या फायली गेल्या. तेव्हापासून तिला घरच्या घरी फायरवॉल, म्हणजे नको ते अडवणारी चौकी, करायची होती. मध्ये एक संगणक बसवायचा. बाहेरची तार त्याच्या एका तोंडात, घरची दुसऱ्यात, मुलींची तिसऱ्यात. त्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण ते चोखंदळ असतं. कार्डावरची चिप त्याच्या ओळखीचीच लागते. तिने चिपचे नंबर ताडून पाहिले, दिवसरात्र चालू ठेवल्यावर वीज किती जाईल तेही काढलं, आणि एक जुना, चपटा संगणक घेतला.

"म्हंजी कुणाला किती सोडायचं ते ह्यानं ठरवायचं," रामेश्वर तेव्हा म्हणाला होता. "आमच्या खात्यात भरती करा ह्याला. निदान नगरसेवकाचे फोन तरी उचलणार नाय."

वरच्या खोलीत एक मोठा, उभा संगणक होता. त्याचं नाव मात्र दोघांनीही काढलं नव्हतं.

ती खोली इंद्रजीतची. मुलगा बंगळूरला नोकरीला गेला, तरी पलंगावरची चादर बदलली जायची, संगणकावरचं कापड धुतलं जायचं. दर दिवाळीत तो म्हणायचा, "यंदा इकडंच काहीतरी बघतो." आता खालच्या सोनियाची धाकटी बहीण जूनमध्ये कॉलेजला यायची होती. वरची खोली मिळाली नाही, तर दोघी बहिणी दुसरीकडे जागा बघणार होत्या. योगिनी "बघू" म्हणत होती. टँकरच्या पाण्यात आणखी एक माणूस, असंही एकदा म्हणाली.

"एका पोरीनं टाकी आटत नाय," रामेश्वर तेवढंच बोलला होता.

शहागंजात जुन्या संगणकांच्या दुकानात मुनव्वरभाईंनी तिला लांबूनच ओळखलं.

"क्या बाजी, फिर आए? कार्ड खराब है क्या?"

"कार्ड चांगलं आहे. डबाच लहान पडला."

"बोला था मैं, बड़ा डब्बा लेओ. आप बोले, नक्को." त्यांनी कार्ड उजेडात धरलं. "वापस लेतूं मैं. पन चार पोर्ट का ऐसा माल फिर नै मिलता. घर में पुराना टावर पड़ा होंगा ना? सबके घर में रहता."

योगिनीने पर्सची चेन लावली, उघडली. "आहे. मुलाचा आहे."

"तो? बच्चा मना करताय?"

"तो इथं नसतो."

मुनव्वरभाईंनी कार्ड पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्याच हातात दिलं.

संध्याकाळी तिने इंद्रजीतला फोन लावला.

"आई, तो अजून आहे? मला वाटलं, भंगारात दिला."

"त्याच्यातलं सगळं पुसावं लागेल. तुझं काही हवंय का?"

"गेम असतील नुसते. पूस ना." मागे कुकरची शिट्टी झाली. "आणि आई, आधी पंखा साफ कर. धूळ बसली असेल."

"धूळ नाहीये," ती म्हणाली.

रामेश्वरने संगणक खांद्यावर घेऊन जिन्याखाली आणला. कार्ड एका दाबात बसलं. पट्टी फटीत बरोबर उतरली, एक स्क्रू पुरला. डिस्कवरचं सगळं जाईल, पुढे जायचं का, असं पडद्यावर आलं. योगिनी फडकं आणायला म्हणून वर गेली. टेबलाचा सनमायका उन्हाने फिका झाला होता. संगणकाखालचा चौकोन तेवढा अजून गडद होता. मग खाली येऊन तिने बटण दाबलं.

सॉफ्टवेअरने चिप ओळखली. हिरवे दिवे लागले. तिने चिकटपट्टीचे तुकडे कापून प्रत्येक तोंडाशी नाव लावलं: बाहेर, घर, मुली.

"काकू, नेट आलं!" सोनिया धावत जिन्याशी आली. "लई फास्ट झालंय हो."

"आता कुणी भलतंसलतं उघडलं तर वॉल बंद," रामेश्वर म्हणाला. "काकूच्या हातात चावी हाय." मग वाकून त्याने कार्डाकडे पाहिलं. "अन् हे चौथं? रिकामंच ठेवायचं?"

योगिनीने चिकटपट्टीचा आणखी एक तुकडा कापला. पेनाचं टोपण काढलं.

"सोनिया, तुझ्या बहिणीचं नाव सांग," ती म्हणाली. "वरची खोली तिला दिली."