मरणाचा सीन पहिल्या दिवशी

दुपारी सव्वादोनला विमा कंपनीचे डॉक्टर प्रॉडक्शन ऑफिसातल्या हिशेबाच्या खोलीतून बाहेर आले आणि मास्तरांची तपासणी संपली. डॉक्टरांनी यंत्रं बॅगेत भरली, चहा नको म्हणाले, आणि जाता जाता थोरलीला एवढंच सांगितलं की पाच वाजता घरच्या माणसाशी फोनवर दोन शब्द बोलायचे आहेत.

घरचं माणूस म्हणजे तीच. चित्रपटाची प्रॉडक्शन मॅनेजर आणि मास्तरांची मोठी मुलगी. बापाच्या तोंडी तिचं नाव कायम ‘थोरली’, आणि ते ऐकून ऐकून ऑफिसनंही तेच उचललं होतं. मास्तर तरी कुठे मास्तर होते? पहिल्या चित्रपटात शाळामास्तराचं काम केलं, ते लोकांना इतकं पटलं की पुढे जन्मभर त्यांना कुणी दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

चित्रपटाचं निम्मं शूटिंग परदेशात होतं, विषुववृत्ताजवळच्या एका बेटावर. थोरली तिथली रेकी, म्हणजे जागांची पाहणी, करून आली होती. एसीच्या खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते, तेव्हा तो बाहेरच झाकून ठेवायचा. मेकअप टिकत नाही, तेव्हा क्लोजअप सकाळी उरकायचे. दुपारनंतर आभाळाचा भरवसा नाही. हे सगळं तिनं मीटिंगमध्ये सांगितलं होतं. आणखी एक गोष्ट तिनं फक्त दिग्दर्शकाच्या कानावर घातली होती. बेटावर साधा दवाखाना आहे. हॉस्पिटल आहे ते समोरच्या किनाऱ्यावर, आणि अंधार पडल्यावर बोट सुटत नाही.

दिग्दर्शक तिच्याहून लहान, तिला ताई म्हणणारा. त्यानं मास्तरांच्या सीनची यादी पुढे ओढली होती. मग म्हणाला होता, “ताई, मास्तरांचं काम आधी उरकून घेऊ. सगळं.”

निर्मात्याचंही ठरलेलं होतं. मास्तरांना विमा मिळाला तर मास्तर, नाही तर चित्रपटातल्या बापाच्या भूमिकेत दुसरा नट. त्यात वावगं काही नव्हतं. त्याच्या जागी थोरली असती तर तिनंही हेच ठरवलं असतं.

शेड्यूल तिच्या खोलीतल्या भिंतीवर होतं. एका सीनला पुठ्ठ्याची एक पट्टी आणि प्रत्येक मुख्य नटाचा रंग वेगळा. मास्तरांचा पिवळा. एरवी असा रंग बोर्डभर विखुरलेला असतो. इथे सगळा पिवळा डावीकडे, पहिल्या काही दिवसांत दाटीवाटीनं बसवला होता. पुढच्या सीनमध्ये जिथे बाप लागणार होता, तिथे पांढरी पट्टी होती आणि तिच्यावर थोरलीच्या अक्षरात ‘पाठमोरा’ असं लिहिलं होतं. त्यासाठी मास्तरांच्याच उंचीचा, त्यांच्याच अंगलटीचा एक डुप्लिकेट ठरवून झाला होता.

मास्तर शर्टाच्या बाहीचं बटण लावत आत आले ते चष्मा शोधायला. चष्मा टेबलावरच होता. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला आणि सवयीनं बोर्डाकडे वळले. आयुष्यभर असे बोर्ड वाचले होते. थोरलीनं लॅपटॉपवरून नजर वर केली नाही.

“पहिल्याच दिवशी मारलंस होय गं मला?” मास्तर म्हणाले.

ती पावसाचं सांगू लागली. तो सीन किनाऱ्यावरचा, उजेड लागतो, पुढच्या आठवड्यात हवा कशी असेल कुणी सांगावं. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग पाऊस काय माझ्या एकट्यावर डूख धरून बसलाय का, असं त्यांनी विचारलं. बाकीच्यांचे किनाऱ्यावरचे सीन शेवटच्या आठवड्यात खुशाल पडले होते.

थोरलीनं लॅपटॉप मिटला.

ते खुर्ची ओढून बसले. धाप जराशी लागली होती. ती ओसरेपर्यंत चष्मा पुसत राहिले. मग त्यांनी एका जुन्या नटीची गोष्ट काढली. त्यांच्या उमेदवारीच्या काळात ती आईची कामं करायची. एका चित्रपटात तिचे सगळे क्लोजअप असेच आधी घेतले होते. का ते युनिटला ठाऊक होतं आणि तिलाही. कुणी चकार शब्द काढला नाही.

“मग?” थोरलीनं विचारलं.

“मग काय? आम्हा सगळ्यांना पुरून उरली बाई. निर्माता गेला, कॅमेरामन गेला, ही आपली प्रत्येकाच्या घरी भेटायला हजर.”

थोरली हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मास्तरांनी ते पाहिलं की नाही कोण जाणे. ते उठून बोर्डापाशी गेले होते. त्यांनी पहिल्या दिवसावरची मरणाच्या सीनची पिवळी पट्टी काढली, उजवीकडे नेली आणि अगदी शेवटच्या दिवसाच्या खोबणीत सरकवली.

“अजून मुलाशी माझा एक सीन झालेला नाही, आणि तू मला त्याच्या मांडीवर डोकं ठेवून मरायला सांगतेस. कसं करू? ओळख तरी होऊ दे की पोराची.” आवाज चढला नव्हता. “बाकीचं आधी घे हवं तर. हा शेवटी ठेव.”

“बाबा, डॉक्टरांना झोपेचं काय सांगितलंत?”

“गाढ झोपतो म्हणालो. झोपतोच. कुठे झोपता, ते त्यांनी विचारलं नाही.”

दोन महिन्यांपासून मास्तर पलंगावर झोपत नव्हते. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा. दिवाणखान्यातल्या खुर्चीत पाठीला उशा लावून, बसल्या बसल्या रात्र काढायचे आणि सकाळी थोरली उठायच्या आत उशा पलंगावर नेऊन ठेवायचे. तिला ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. दोघांनीही विषय काढला नव्हता.

“ते मला विचारतील,” ती म्हणाली.

“विचारू देत. मी माझं सांगितलं, तू तुझं सांग. तुला खोटं बोल म्हणणार नाही. बोलता येतच नाही तुला, कान लाल होतात.”

पाचला फोन आला. मास्तर तिथेच, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिले. डॉक्टर सभ्यपणे बोलत होते. जेवण, चालणं, जिना, गोळ्या वेळेवर घेतात का. थोरली बेतानं, विचारलं तेवढ्याचंच उत्तर देत गेली. विचारल्याशिवाय काही सांगू नको, हे दिग्दर्शकानं सकाळीच तिला हळूच बजावलं होतं. मग डॉक्टरांनी विचारलं की ते रात्री आडवे झोपतात का.

तिनं बोर्डाकडे पाहिलं. उजव्या टोकाला ती एकटीच पिवळी पट्टी होती, तिच्या डावीकडे पांढऱ्या. तिच्या डोळ्यांसमोर बोटीचा धक्का आला, अंधार पडल्यावर साखळी लावून बंद केलेला.

“नाही,” ती म्हणाली. “खुर्चीत झोपतात. बसून.”

किती दिवस, हे डॉक्टरांनी विचारलं. तिनं सांगितलं. पलीकडे पेन कागदावर फिरल्याचा आवाज आला. मग डॉक्टर म्हणाले की हे कळलं ते बरं झालं, कागद आता वर जातील, निर्णय कंपनीचा, सोमवारी दुपारपर्यंत कळवतील. शेवटी त्यांनी आणखी एक विचारलं: बेटावर रात्री बोट मिळते का? थोरलीनं तेही खरं सांगितलं, आणि समोरच्या किनाऱ्यावर मास्तरांच्या राहायची सोय करून रोज दिवसाउजेडी ने-आण करता येईल, हेही सांगितलं. या सोयीबद्दल तिनं अजून कुणाला विचारलं नव्हतं. ती बोलता बोलताच सुचली होती. विचार करू, असं डॉक्टर म्हणाले.

तिनं फोन ठेवला. मास्तरांनी गुडघ्यावर हात टेकून स्वतःला उठवलं. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

“सोमवारपर्यंत पट्टी तिथेच राहू दे,” ते म्हणाले. “आणि आज उशा तूच लाव. मी लावल्या की घसरतात.”

सोमवारी सकाळी सामानाच्या पेट्या जहाजाकडे रवाना झाल्या. कपड्यांच्या पेटीत बापाच्या भूमिकेचे तीन शर्ट गेले, तिन्ही एकाच मापाचे. ते माप मास्तरांचंही होतं आणि डुप्लिकेटचंही. समोरच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलचं उत्तर आलं, खोली आहे म्हणून. दुपार उलटून गेली. विमा कंपनीचा फोन अजून आलेला नाही. पट्टी शेवटच्या दिवसावर आहे.