खिडकीच्या उजेडातले हात

धाकटीचं पोट फोटोंवर चालायचं. बूट, कपबश्या, चामड्याच्या पिशव्या असं काय काय ती मोठमोठ्या दिव्यांखाली मांडायची आणि दुकानदारांना चकचकीत फोटो काढून द्यायची. पण एक दिवस जेवता जेवता बाबा म्हणाले, "हा हिवाळा संपला की दुकान बंद करतोय," तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, की जन्मभर व्हायोलिनं दुरुस्त करणाऱ्या आपल्या बापाचा कामाला बसलेला एकही धड फोटो घरात नाही.

दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. एक मोठी खिडकी, खिडकीखाली लांबलचक टेबल, त्यावर सरसाचं भांडं, पटाश्या, कानशी आणि वर तारेला वटवाघळांसारखी लटकलेली व्हायोलिनं. दुकान बंद का होतंय ते सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत मात्र कुणीच नव्हतं. बाबांचा उजवा हात थरथरायला लागला होता. चहा पिताना त्यांची बशी वाजली, की आई मुद्दाम मोठ्यानं काहीतरी विचारायची.

दुसऱ्याच दिवशी धाकटी दिवे घेऊन आली. बाबांनी डोळ्यांवर हात धरला.

"हे काय गं? ऑपरेशन करणार आहेस की काय माझं?"

फोटो तर त्याहून वाईट आले. प्रत्येक व्हायोलिनच्या पॉलिशवर पांढरा भगभगीत डाग, आणि बाबा चोरी करताना पकडल्यासारखे. तिनं सगळे पुसून टाकले, दिवे गुंडाळले आणि म्हणाली, "खिडकीच्याच उजेडात काढीन."

"या दिवसांत?" दुकानाला गिऱ्हाईक शोधत असलेला दादा हसला. "इथं दुपार कलली की पुस्तकातली अक्षरं दिसत नाहीत. मोबाइलवर काढ दोन आणि मोकळी हो."

"मोकळंच व्हायचं असतं तर दिवे काय वाईट होते?"

आता बाई हट्टाला पेटली म्हटल्यावर दादानं नाद सोडला. खाण तशी माती, हे त्या घरात कुणाला नव्यानं सांगायची गरज नव्हती.

धाकटीनं आधी खिडकी घासूनपुसून काढली. वर्षानुवर्षांची धूळ निघाली तसा टेबलाचा रंगच बदलला. मग ती नुसती बसून उजेड पाहायला लागली. सकाळी काचेवर दव असायचं. उशिरा कधीतरी ऊन समोरच्या घराच्या पांढऱ्या भिंतीवर चढायचं, आणि तिथून परतलेला मऊ उजेड टेबलावर पडायचा. थोड्या वेळात तोही सरकायचा. त्या उजेडात लाकडाच्या रेषा दिसायच्या, बाबांच्या कपाळावरच्या आठ्या दिसायच्या, फक्त खोलीकडची बाजू काळीठिक्कर राहायची. त्यावर तिनं उपाय काढला. आईला पांढरी चादर धरून समोर उभं केलं. खिडकीचा उजेड चादरीवर आपटून बाबांच्या गालावर यायचा.

"लग्नाला इतकी वर्षं झाली," आई चादरीआडून म्हणाली, "पण यांच्यासमोर वाळत घातल्यासारखी पहिल्यांदाच उभी राहतेय."

"थोडी डावीकडे वाळ," बाबा म्हणाले.

सगळं जमलं, पण हात जमेना. उजेड इतका कमी, की कॅमेऱ्याचा पडदा जरा जास्त वेळ उघडा ठेवावा लागायचा, आणि तेवढ्यात जे हलेल ते फोटोत पुसट व्हायचं. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर पक्का होता, बाबांच्या हाताला मात्र तिकाटणं कुठलं लावणार?

"बाबा, पटाशी अशीच धरून थांबा. हात अजिबात हलवू नका. एकच क्षण."

बाबा थांबायचे. ओठ आवळून, श्वास रोखून थांबायचे. तसा हात जास्तच थरथरायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी कॅमेरा मागून घेतला. फोटोत चेहरा स्वच्छ होता, व्हायोलिनची तारन् तार मोजता येत होती, आणि उजव्या हाताच्या जागी नुसता धूर.

"एवढा हलतो?" त्यांनी विचारलं. कुणी उत्तर द्यायच्या आत ते उठून आत गेले.

"झालं समाधान?" आईनं चादरीची घडी घालत विचारलं. "हात दाखवून अवलक्षण."

संध्याकाळी धाकटी बाबांच्या शेजारी जाऊन बसली.

"उद्या परत बसू या, बाबा."

"नाही."

"मग मी एकटी बसेन."

"बस. खिडकी तुझ्या बापाचीच आहे."

ती खरंच येऊन बसत राहिली. ढग आले, समोरची भिंत करडी पडली, तरी यायची. बाबांची रिकामी खुर्ची, पटाश्यांच्या झिजलेल्या मुठी, सरसाच्या भांड्याचा काठ, यांचेच फोटो काढायची. बाबा दारात येऊन पाहायचे आणि माघारी जायचे.

अशाच एका सकाळी ओळखीच्या वादक बाई धावतपळत आल्या. पेटी जिन्यावरून घसरली होती आणि व्हायोलिनची घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो लाकडाचा नाजूक पूल, मधोमध मोडली होती. संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम होता.

"मी काम घेणं थांबवलंय," बाबा म्हणाले.

"मग कुणाकडे जाऊ, ते तरी सांगा."

नाव घ्यावं असा माणूस बाबांना आठवत नव्हता. त्यांनी ती मोडकी घोडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग त्यांनी खुर्ची ओढली.

"दुपारी या. बिघडलं तर माझ्या नावानं बोंब मारायची नाही."

धाकटी कोपऱ्यात उभी होती. बाबांनी लाकडाचा तुकडा घेतला आणि पटाशीकडे हात नेला. हात थरथरला. उचललेली पटाशी हवेत थरथरली. पाहवेना म्हणून आई आत निघाली. तेवढ्यात पातं लाकडाला टेकलं, आणि हात थांबला. लाकडाची बारीकशी ढलपी वळून पडली. पुन्हा पातं टेकलं, पुन्हा हात शांत.

धाकटीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतके दिवस ती त्यांना काम सोडून थांबायला सांगत होती, आणि थांबलं की तो हात थरथरायचाच. त्याला काम हवं होतं. प्रत्येक काप घेऊन झाला की बाबा पातं लाकडावर दाबून क्षणभर निरखायचे. तोच क्षण तिला पुरेसा होता.

तिनं आईला खुणावलं. आईनं चादर उचलली. ढग पातळ झाले होते, भिंतीवरून उजेड येत होता. धाकटीनं तिकाटणं सरकवलं आणि बाबांच्या कामाची लय धरली. काप, थांबा, फोटो. काप, थांबा, फोटो. घाई करून चालणार नव्हतं, आणि रेंगाळूनही. आईचे दंड भरून आले तरी ती हटली नाही. बाबांना तर खोलीत कुणी आहे याचाच पत्ता नव्हता. उजेड सरकला तशी धाकटी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली. शेवटी भिंतीवरचा उजेड उतरला, तेव्हाच ती थांबली.

दुपारी वादक बाईंनी गज फिरवून पाहिला, डोळे मिटून चार सूर ऐकले, आणि फक्त मान डोलावली. बाबांना तेवढं पुरलं.

त्या गेल्यावर ते म्हणाले, "दाखव."

धाकटीनं कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. लाकडावर ठाम दाबलेला अंगठा, नखाखाली अडकलेला भुसा, मनगटावरची फुगलेली शीर, सगळं स्वच्छ होतं. बाबा एकेक फोटो पुढे सरकवत राहिले.

"डॉक्टर म्हणाले होते, हात रिकामा असला की जास्त हलेल," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, समजूत घालतायत."

"मग?"

"मग काय? पुढे वाढणार आहेच हे." त्यांनी कॅमेरा परत दिला. "वाढेल तेव्हा बघू. मोठी कामं नाही घेणार. घोड्या आणि खुंट्या करीन, त्याही उजेड असेपर्यंत. दादाला सांग, दुकानाला गिऱ्हाईक बघू नकोस म्हणावं."

आईनं दंड चोळत फोटोंत डोकावून पाहिलं.

"आणि माझा एकही नाही यात?"

"उद्या तुझा," धाकटी म्हणाली. "चादर बाबा धरतील."

"हलेल ती," बाबा म्हणाले.

"हलू दे," आई म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.