चुलीवर वाळवलेलं बोर्ड

रामनगरच्या गुरुदासला गिऱ्हाइकांचे मिक्सर दुरुस्त करताना आपला अपमान होतोय असं वाटे. त्यामुळं कुळगीजवळ होमस्टे चालवणाऱ्या विनायकनं पाहुण्यांसाठी कपाटाएवढं जुनं व्हिडिओ गेमचं मशीन आणलं, तेव्हा गुरुदास खुलला. मशीन बंद होतं. "हे चालू करून दाखव, होमस्टेचं दुरुस्तीचं सगळं काम तुझं," विनायक म्हणाला.

गुरुदासनं आतलं बोर्ड घरी आणलं. तीन दिवस मीटर लावून दोष शोधला. बॅटरी पाझरून तांब्याची एक बारीक रेघ खाल्ली गेली होती. तिथं त्यानं डाक देऊन तार जोडली, बोर्ड धुऊन वाळायला ठेवलं आणि मिक्सरवाल्यांनी आता दुसरं दुकान बघावं, असं बाजारभर सांगून आला.

जूनचे दिवस, घरात काहीच वाळेना. म्हणून बायकोनं, फुलानं, इथं सगळेच ओल्या वस्तू ठेवतात तसं बोर्ड चुलीवरच्या कामट्यांच्या माळ्यावर ठेवलं. त्याच्या वरच्या थरात मीठ लावलेली कोकमाची सोलं वाळत होती. त्यांचं खारट-आंबट पाणी दिवसभर बोर्डावर ठिबकलं. तांब्याच्या निम्म्या रेघा हिरव्या पडून गेल्या.

गुरुदास कुळगीला जाऊन आला, तेव्हा फुला दारातच उभी होती.

"मिळालं काय हो काम?"

"न्हाई. दांडेलीच्या माणसाला दिलं."

"माझी चूक म्हणून सांगायचं हुतं की!"

"तेच सांगितलं की. चार पाव्हण्यांसमोर सांगितलं. बायको अडाणी हाय म्हटलं."

फुला दारातून बाजूला झाली.

"आणि तरीबी न्हाई दिलं?"